नकोस, पण जाऊ नकोस

मनोविकारतज्ज्ञ जेरॉल्ड क्राइसमन आणि लेखक हॅल स्ट्रॉस यांचे 'आय हेट यू, डोन्ट लीव्ह मी' हे पुस्तक अमेरिकेत १९८९ साली निघाले. विषय आहे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार. नाव चटपटीत असले तरी नेमके आहे.

काल ज्या बाईंचे कौतुक करताना शब्द पुरत नव्हते, त्याच बाई आज वैरीण वाटू लागतात. कारण काय, तर जिन्यात त्यांनी हाक ऐकली नाही! पाहणाऱ्याला हे ढोंग वाटते. पण त्या त्या क्षणी दोन्ही भावना खऱ्याच असतात. एकाच माणसात चांगले आणि वाईट एकत्र नांदते, ही जाणीव धरून ठेवणे अशा व्यक्तीला फार अवघड जाते. शिवाय, आपल्याला कोणीतरी टाकून जाईल ही भीती सतत पाठीशी असते. ती असह्य झाली की व्यक्ती स्वतःच नाते तोडते आणि मग एकटेपणाला घाबरून तेच नाते पुन्हा घट्ट धरू पाहते. ही साखळी पुस्तकात उत्तम उलगडली आहे.

शिक्षकांना सर्वांत उपयोगी पडेल तो संवादाचा भाग. आधार, समजून घेणे आणि सत्य या तिन्ही गोष्टी बोलण्यात हव्यात, असे लेखक सांगतात. 'मला तुझी काळजी वाटते. तुला फार त्रास होत असणार. पण परीक्षा सोमवारीच आहे.' यातले शेवटचे वाक्य आपण बहुधा पहिल्यांदा बोलतो आणि तिथेच थांबतो.

खटकते ते असे, की रुग्णाला 'बॉर्डरलाइन' हेच नाव दिले आहे. पुढे तर ते अख्ख्या अमेरिकन समाजालाही लावले आहे. एवढी ताणल्यावर व्याख्या उरते कुठे? मुळात ती सैल आहेच. आजच्या निकषांत नऊपैकी किमान पाच लक्षणे लागतात, म्हणजे जुळण्या २५६ होतात. (बारावीच्या मुलांनी हिशेब करून पाहावा.) दोन रुग्णांत एकच लक्षण समान असणेही शक्य आहे.

जुनी आवृत्ती वाचणाऱ्याने नंतरचे संशोधनही जवळ ठेवावे. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयाच्या अभ्यासात २९० रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेतला गेला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे निदानाच्या मर्यादेखाली राहिली. मात्र कामधंदा आणि नातेसंबंध यांसह पूर्ण सावरले ते निम्मेच.

पुस्तक मिटून लगेच वर्गात रुग्ण शोधू नयेत. अठरा वर्षांखालील मुलांत ही लक्षणे किमान वर्षभर टिकलेली असावी लागतात, आणि तरीही निदान तज्ज्ञानेच करायचे असते.