किल्ला नाही, देऊळ नाही असा डोंगर

दिवाळीची सुट्टी लागली की पुष्कळ घरांच्या अंगणात मुले डोंगर रचू लागतात. विटा, दगड, त्यांवर पोते, वरून ओल्या मातीचा लेप आणि त्यात पेरलेले आळीव. पण तो डोंगर म्हणून कोणी करीत नाही. तो किल्ला असतो. माथ्यावर महाराज बसले, बुरुजावर मावळे उभे राहिले, म्हणजे काम पुरे झाले. मराठी माणसाची डोंगराकडे पाहण्याची सारी रीत या खेळात आली आहे. डोंगर आपल्याला कशाचा तरी पाया म्हणून हवा असतो. सह्याद्रीत तो किल्ल्याचा पाया, हिमालयात देवळाचा. ज्याच्या माथ्यावर ना बुरूज ना कळस, असा नुसता दगड आणि नुसते बर्फ आपल्या लेखकांनी कितीसे पाहिले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी जमेची बाजू पाहू. गो. नी. दांडेकरांइतका सह्याद्री पायांखाली घातलेला कादंबरीकार विरळाच. त्यांचे गडांवरचे लेखन इतिहासाने भारलेले आहे. तथापि 'माचीवरला बुधा' (१९५८) आणि 'जैत रे जैत' (१९६५) या कादंबऱ्यांत त्यांनी इतिहासाला जरा बाजूला बसविले. बुधा मुंबई सोडून राजमाचीवर येतो तो शिवकालाच्या ओढीने नव्हे. नाग्याच्या गोष्टीत लिंगोबाचा डोंगर हा देखावा नसून एक पात्रच आहे. हे त्यांना साधले ते केवळ प्रतिभेमुळे नव्हे. भाषा हाताशी होती. कडा, सुळका, घळ, नाळ, खिंड, सोंड, माची, निसणी, घसारा हे शब्द डोंगरात राहणाऱ्यांच्या पायांनी घडविलेले आहेत. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला, म्हणून तो पायऱ्यापायऱ्यांनी वर जातो. आणि त्या पायऱ्यांना मराठीत नावे आहेत.

गंगोत्रीच्या वर गेले की दगडच बदलतो. शिवलिंग (६,५४३ मीटर) आणि त्याच्या आसपासची शिखरे मुख्यतः ग्रॅनाईटची. हा दगड भूपृष्ठावर ओतला गेला नाही. जमिनीच्या पोटात सावकाश थिजला, मग वर उचलला गेला आणि उघडा पडला. वयाने तो आपल्या कातळाहून लहान आहे. सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर गंगोत्रीचा ग्रॅनाईट दोन कोटींच्या आसपास. लाव्ह्यासारखे थर नसल्यामुळे त्याला पायऱ्या नाहीत. तो उभ्या भेगांनी फुटतो आणि त्याचे सुळे होतात. मराठी वाचकाला मात्र ग्रॅनाईट म्हटले की स्वयंपाकघरातला ओटा आठवतो! मौज अशी की आम्हां नागपूरकरांना ही जात परकी नाही. आमच्या प्रतापनगराखाली काळा कातळ आहे. पण शहर ओलांडून भंडाऱ्याच्या वाटेला लागले की तो संपतो आणि ग्रॅनाईटच्या गोतातला, कितीतरी जुना, करडा-तांबूस दगड सुरू होतो. शब्द मात्र त्या सीमेपाशीच थांबले.

हिमालयावर मराठी माणसाने लिहिले नाही असे नाही. काकासाहेब कालेलकर १८८५ साली साताऱ्यास जन्मले आणि १९१२ साली हिमालयात पायी फिरले. त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी आधी लिहिले ते गुजरातीत! त्यांची वाट तीर्थाकडून तीर्थाकडे जाते. यात उणे काही नाही. यात्रेकरूचे डोळेही खरेच असतात. उणे आहे ते पुढच्यांचे. त्यांनी तीच वाट गिरविली. आपले यात्रावर्णन गंगोत्रीच्या देवळापर्यंत भरभरून चालते, पुढच्या गोमुखापर्यंतच्या अठरा किलोमीटरांत धापा टाकू लागते, आणि तिथे पोचताच 'शब्द अपुरे पडतात' असे म्हणून हात जोडते. शब्द अपुरे पडत असतील तर ते मिळविणे हेच लेखकाचे काम नव्हे काय?

मग गिर्यारोहक आले. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे गिर्यारोहक पोचले. अशा मोहिमांमुळे मराठीत नवे, धाडसाचे लेखन आले आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु या प्रकारच्या लेखनात देवळाच्या जागी ध्वज येतो; नजर पुन्हा माथ्यापुरतीच राहते. छावण्या, प्राणवायूची नळकांडी, हवेचे अंदाज यांचा हिशेब चोख असतो. पण वाऱ्याचा सूर सकाळी कसा होता आणि दुपारी कसा झाला, बर्फ पायाखाली कुरकुरले की दगडासारखे वाजले, हे वाचकाला स्वतःच कल्पावे लागते.

यावर उपाय आहे, आणि तो विदर्भाला चांगला ठाऊक आहे. २०२५ साली दिवंगत झालेले मारुती चितमपल्ली यांच्या आधी मराठी साहित्यात अरण्य होते. पण बहुधा 'घनदाट' या एका विशेषणावर त्याची बोळवण होई. त्यांनी वनवासी लोकांपासून शब्द गोळा केले, न मिळाले तिथे घडविले. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला त्यांनी 'सारंगागार' म्हटले, कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार'. शब्द आला आणि झाडावरची ती वसाहत आपल्याला दिसू लागली. हिमालयातही असेच करता येईल. गढवाली माणूस हिमनदीला 'बामक' म्हणतो; चतुरंगी बामक, रक्तवर्ण बामक ही नावे नकाशावरही आहेत. उंचावरच्या कुरणाला तो 'बुग्याल' म्हणतो. हे शब्द घ्यायला आपल्याला लाज का वाटावी? उलट, भूगोलाच्या पुस्तकात आपण 'हिमोढ' शिकवितो. हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीचा ढीग, अशी व्याख्या मुले पाठ करतात आणि गुण मिळवितात. पण त्या हिमोढावरून ठेचाळत चाललेले एखादे मराठी पान त्यांच्या हाती द्यावे म्हटले, तर मास्तरला ते चटकन सापडत नाही.

आणि घाई करायला कारण आहे. गंगोत्रीची हिमनदी सुमारे तीस किलोमीटर लांब. ती पांढरीशुभ्र नसते; अंगावर दगडधोंडे आणि धूळ घेऊन पडलेली असते, इतकी की नवख्याला ते बर्फ आहे हेच कळत नाही. ती ग्रॅनाईटला जात्यासारखी दळते, म्हणून गोमुखातून निघणारे पाणी करडे, पिठूळ असते. १९३५ साली ऑडन या भूशास्त्रज्ञाने तिच्या मुखाची पाहणी करून नकाशा काढला. तेव्हापासून ते मुख एक किलोमीटरहून अधिक मागे सरले आहे. जे बर्फ कालेलकरांच्या काळी होते, त्यातले पुष्कळ आता पाणी होऊन गेले. आणि मराठीत त्याचे वर्णन करायचे राहूनच गेले.

वाचकहो, आता गंगोत्रीपर्यंत मोटार जाते. तुमच्यापैकी किती तरी घरांतली मुले येत्या उन्हाळ्यात तिकडे जातील. त्यांनी दर्शन जरूर घ्यावे, छायाचित्रेही काढावीत. पण देवळाच्या पुढे तासभर चालून एखाद्या धोंड्यावर बसावे, बरोबरच्या गढवाली वाटाड्याला समोरच्या प्रत्येक गोष्टीचे नाव विचारावे, आणि ते घरी लिहून आणावे. एका वहीत अशी वीस नावे उतरली, तर पुढच्या कादंबरीकाराची सोय झाली.