दोन करडे

शेडकार्डावर शेजारी शेजारी पाहिले तर यातला कुठला कोण, हे सांगता यायचं नाही. शेरविन-विल्यम्स या अमेरिकी कंपनीचा ‘अ‍ॅग्रीएबल ग्रे’ आणि तिचाच ‘रिपोज ग्रे’. अंगावर पडलेल्या उजेडापैकी पहिला ६० टक्के परत देतो, दुसरा ५८. एवढ्याशा फरकावरून तिकडची माणसं दिवाणखान्याचा रंग ठरवताना घोळ घालत बसतात आणि माझ्या मते ते बरोबरच करतात.

कारण भांडण उजळपणाचं नाही, झाकेचं आहे. संगणकाच्या पडद्यावर पहिल्यात लाल २०९, हिरवा २०३, निळा १९३. दुसऱ्यात २०४, २०१, १९२. निळा जवळपास जागच्या जागी. उतरलाय तो लाल. तेवढ्यानं ऊब जाते. अ‍ॅग्रीएबलचा करडा मुळात मातकट आहे, परातीत काढलेल्या ज्वारीच्या पिठासारखा. रिपोजचा कोरडा, जरा अलिप्त.

भिंतीवर चढल्यावर हे स्वभाव उघडे पडतात. तिकडे उत्तरेच्या खिडकीतून ऊन नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो. त्यात रिपोज गारठतो, कधी चक्क जांभळट दिसतो; अ‍ॅग्रीएबल तग धरतो. दक्षिणेच्या खोलीत दुपारी उलटं होतं. अ‍ॅग्रीएबल उन्हाला लगेच वश होऊन बदामीकडे झुकतो, रिपोज आपलं करडेपण सोडत नाही. रात्री २७०० केल्विनचे पिवळे दिवे लागले की दोघेही ऊबदार. दिव्यांपुढे कुणाचंच चालत नाही!

त्यात शेजारच्या रंगांची लुडबुड. पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवरचे चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार होती. रंगाई पाहणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञानं शोधलं, तर खोट रंगात नव्हती, शेजारच्या धाग्यांत होती. १८३९ साली त्यानं यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. त्याच कारणानं पिवळसर ओकच्या जमिनीवर रिपोज निळा-जांभळा वाटू लागतो आणि शुभ्र चौकटीला टेकला की अ‍ॅग्रीएबल मळका.

घर विकायला काढलं असेल तर अ‍ॅग्रीएबल लावावा. तो कुणालाच खटकत नाही. मला मात्र तो फार गोडबोल्या वाटतो. राहायच्या खोलीत, दक्षिणेचा उजेड भरपूर असेल तर, मी रिपोज निवडीन. करडाच राहूनही दुपारी चारला आणि सकाळी आठला तो जरा वेगळा दिसतो आणि अशी भिंत पाहायला मला आवडते.