सत्तापतनाचे कथन

अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटात मुख्यमंत्र्यांची खुर्ची डळमळते, पण कोसळत नाही. तेथील सत्ता पतनाच्या शक्यतेवरच जगते. अ. र. अंतुले यांच्या बाबतीत ते पतन प्रत्यक्ष घडले : जून १९८० मध्ये मुख्यमंत्रिपद, जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा. मधल्या दीड वर्षावर शोकात्म नायकाचा साचा चढविण्याचा मोह समीक्षकाला होणे स्वाभाविक आहे. तो टाळावयास हवा. कारण या पतनाचा निवेदक नियती नसून मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे. सिमेंटचे वाटप आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या न्यासांना मिळालेल्या देणग्या यांत त्याने कार्यकारणभाव प्रस्थापित केला. कथानक म्हणतात ते याहून वेगळे काय असते? शिवाय हे कथानक तेथे मिटतही नाही : खटला उच्च न्यायालयाकडे सोपविणारा १९८४ चा स्वतःचाच आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रद्द केला.

तरीही ‘उदय’ आणि ‘अस्त’ ही मंत्रालयाची परिभाषा होय. मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथून पाहता तिचा केंद्रबिंदूच सरकतो. अंतुले यांच्या कारकिर्दीत, १९८० मध्ये सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्या राजीनाम्याने थांबली नाही. एखाद्या निराधार विधवेच्या लेखी सत्तांतराहून अनुदानाचा हप्ता मोठा. ‘सिंहासन’मधील पत्रकार दिगू टिपणीस सारे पाहतो, मात्र त्याची नजर मुंबईबाहेर फारशी जात नाही.