३५ रुग्णांचा पुरावा

पायाच्या खोल नीलेत रक्ताची गुठळी होते. तिचा तुकडा सुटतो आणि हृदयातून जाऊन फुप्फुसाच्या धमनीत अडकतो. एकाच पायाला सूज, मग एकाएकी लागलेला दम, श्वास घेताना छातीत कळ. अशा रुग्णाला रक्त गोठू न देणारे औषध द्यावे, हे आज कोणीही डॉक्टर सांगेल. ‘कशावरून?’ असे विद्यार्थ्याने विचारले तर? तर ब्रिस्टलच्या बॅरिट व जॉर्डन यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या छोट्या निबंधाकडे बोट दाखवावे लागते.

रुग्ण ३५. त्यांचे यदृच्छेने दोन गट केले. १६ जणांना हेपारिन व निकुमॅलोन दिले, १९ जणांना दिले नाही. या १९ पैकी ५ जण फुप्फुसातल्या गुठळीने दगावले, आणखी ५ जणांना तोच त्रास पुन्हा झाला, पण ते वाचले. औषध घेतलेल्यांत दोन्ही आकडे शून्य. (त्यांतला एक जण दगावला, पण इतर कारणांनी.) लेखकांनी प्रयोग तिथेच थांबवला व पुढच्या सर्वांना औषध दिले.

हा योगायोग असेल का, हे अकरावीच्या वर्गात फळ्यावर करून पाहता येते. औषध निरुपयोगी मानले, तर पाचही मृत्यू १९ जणांच्याच गटात येण्याची शक्यता १९/३५ × १८/३४ × १७/३३ × १६/३२ × १५/३१, म्हणजे सुमारे ३.६ टक्के. दहाही घटना धरल्या तर ती २००० त एक इतकी खाली येते.

दुसरा आकडा डोळे दिपवतो, पण कच्चा तोच आहे. औषध कोणाला चालू आहे हे डॉक्टरांना ठाऊक होते आणि सीटी स्कॅन तेव्हा नव्हता. औषध न मिळालेल्याच्या छातीत दुखले की गुठळी, मिळालेल्याच्या दुखले की आखडलेला स्नायू, असे मन नकळत ठरवते. मुळात ३५ जणांचे निदानही लक्षणांवरूनच. काहींना गुठळी नसेलही. माझा भरवसा त्या पाच मृत्यूंवर अधिक.

हेपारिन गुठळी विरघळवत नाही, वाढू देत नाही. विरघळवण्याचे काम शरीरच करते. (‘रक्त पातळ करणारे औषध’ हे नाव वर्गात तरी टाळावे.) त्याला वेळ लागतो. ब्रिस्टलमध्ये गोळ्या १४ दिवस दिल्या. आज किमान तीन महिने देतात. प्रयोग थांबवला हे योग्यच झाले, असे मला वाटते. पण त्यामुळे औषधाविना ठेवलेला गट पुन्हा घेणे अवघड झाले, आणि ३५ चे ३५०, कधी झाले नाहीत.