'पाचिंको' : सोसणे आणि नकार

स्थलांतराचा इतिहास लिहिणारा जहाजे मोजतो, करार आणि कायदे नोंदवतो. जहाजातून उतरलेल्या बाईने परक्या मुलखात दुसऱ्या दिवशी चूल कशाच्या बळावर पेटवली, हे त्याच्या दप्तरात नसते. ते सांगण्याचे काम कादंबरीचे. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हटली की गड, तलवारी आणि राजघराणीच डोळ्यांपुढे येतात. कष्टकऱ्यांनाही इतिहास असतो, हे प्रस्थापित वाङ्मयाला फार उशिरा कळले. म्हणून मिन जिन ली या कोरियन-अमेरिकन लेखिकेच्या 'पाचिंको' (२०१७) या इंग्रजी कादंबरीची दखल आपण घेतली पाहिजे, आणि ती आपल्या कसोटीवर घासूनही पाहिली पाहिजे.

१९१० साली जपानने कोरिया गिळला. बुसानजवळच्या योंगदो बेटावर खाणावळ चालवणाऱ्या गरीब घरातली सुंजा ही या कादंबरीची नायिका. को हान्सू नावाच्या विवाहित धनिकापासून तिला दिवस जातात. बेक इसाक हा क्षयाने पोखरलेला तरुण धर्मोपदेशक तिच्याशी लग्न करतो आणि १९३३ साली तिला ओसाकाला नेतो. तिथल्या इकाइनो या कोरियन वस्तीत चार पिढ्यांची ही कथा उलगडते व १९८९ ला थांबते.

लेखिकेचे मोठे यश असे की तिने साम्राज्याचा इतिहास स्वयंपाकघरातून सांगितला. दिराने या नवराबायकोच्या प्रवासखर्चासाठी कर्ज काढलेले असते. सुंजा हान्सूने दिलेले घड्याळ विकून ते फेडते, तर दिराचा पुरुषी अहंकार दुखावतो. घर उपाशी राहिले तरी चालेल, पण बायकोने बाजारात बसता कामा नये, असा त्याचा हट्ट. पुढे इसाकला तुरुंगात टाकल्यावर सुंजा किमची, म्हणजे कोबीचे झणझणीत लोणचे, हातगाडीवर घालून स्टेशनाजवळच्या बाजारात उभी राहते. घराण्याची इज्जत पुरुषांनी बोलून दाखवली. घर मात्र या दोन जावांनी जगवले. डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या आयांच्या लेकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण कादंबरीचा खरा प्रश्न सुंजाच्या थोरल्या मुलाच्या, नोआच्या, रूपाने उभा राहतो. तो हुशार आहे, वासेदा विद्यापीठात पोहोचतो. आपला जन्मदाता हान्सू आहे आणि तो गुंडांच्या टोळीतला आहे हे कळताच, १९६२ साली तो घर सोडतो, नागानोत जपानी नाव घेऊन राहतो, जपानी बायको करतो. बायकामुलांना त्याचे मूळ ठाऊक नसते. सोळा वर्षांनी आई त्याला शोधत येते. तिला निरोप देऊन तो स्वतःवर गोळी झाडतो.

मी महाविद्यालयात शिकवते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. वर्षारंभी ओळख करून घेताना काही विद्यार्थी आडनाव गाळून नुसते नाव सांगतात. ते का, हे मला विचारावे लागत नाही. म्हणून नोआ मला परका वाटत नाही. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचा नायकही असाच लपतो आणि उघडा पडल्यावर मार खातो. मात्र त्याला मारणाऱ्या हातांमागचा मनू दिसतो. नोआ आपलेच रक्त अपवित्र मानतो. शोषकाची नजर त्याने स्वतःच्या डोळ्यांत बसवून घेतली आहे. लेखिका त्याच्याविषयी अपार करुणा जागवते, पण त्याच्या हाती ही जाणीव देत नाही.

कुणी म्हणेल, इतिहासच तसा होता. तो तसा नव्हता. १९५२ साली जपानने कोरियनांचे नागरिकत्व काढून घेतले, हे खरे. जपानमध्ये जन्मलेल्या बापाच्या पोटी तिथेच जन्मलेल्या सॉलोमनला, सुंजाच्या नातवाला, चौदाव्या वर्षी परकीय म्हणून बोटांचे ठसे द्यावे लागतात, हा प्रसंग जिव्हारी लागतो. पण नोआ नागानोत लपून होता त्याच काळात, १९७० साली, हिताची कंपनीने कोरियन असल्याचे कळताच नोकरी नाकारलेल्या एका तरुणाने कंपनीला कोर्टात खेचले आणि १९७४ साली तो जिंकला. १९८० पासून कोरियनांनी ठसे देण्यास नकार द्यायला सुरुवात केली. अखेर १९९३ साली कायम रहिवासी कोरियनांवरची ही सक्ती उठली. या लढ्यांचा वाराही सुंजाच्या घराला लागत नाही. तिच्या माणसांपुढे दोनच वाटा उरतात : नोआसारखे लपणे, किंवा धाकट्या मोझासूसारखे पाचिंकोच्या, म्हणजे यंत्रावरच्या जुगाराच्या, धंद्यात जाऊन पैसा करणे. प्रत्येक जखमेवर कुटुंब हेच औषध.

या कथेतल्या बाया एकमेकींना सांगत राहतात की बाईच्या नशिबी सोसणेच असते. उतारवयात सुंजाच्या मनात शंका येते : अपमान गिळायला मुलाला शिकवायला हवे होते का? कादंबरीतला हा सर्वांत मोलाचा क्षण. पण तो शंकेपाशीच थांबतो. बेबीताई कांबळ्यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मधल्या बाया सुंजाइतक्याच पिचलेल्या आहेत; तरी त्या बाबासाहेबांच्या सभेला जातात, मुलांना शाळेत घालतात, मेलेल्या जनावराचे मांस सोडतात. तिथे आईचे दुःख वस्तीचे होते आणि वस्तीचा निर्धार बनते.

आपले समीक्षक आईच्या सोसण्याला थोर म्हणतात तेव्हा मला भीती वाटते. त्या थोरवीत तिला सोसायला लावणारे निसटून जातात. सुंजाला मी मनापासून नमस्कार करीन. पण माझ्या वर्गातल्या, आडनाव गाळणाऱ्या मुलीच्या हाती ही कादंबरी देताना बागुल आणि बेबीताईही सोबत देईन.