‘जय भीम कॉम्रेड’ आणि त्याचे प्रेक्षक

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा अनुबोधपट २०११ साली पूर्ण झाला. त्यास राष्ट्रीय पुरस्कार लाभला, देशविदेशांतील महोत्सवांत तो दाखविला गेला आणि त्याच्या गुणदोषांची चर्चाही पुष्कळ झाली. मात्र चित्रपटाविषयी जेवढे लिहिले गेले, त्या मानाने तो पाहणाऱ्यांविषयी फार थोडे लिहिले गेले. वास्तविक निरनिराळ्या प्रेक्षकांनी तो इतक्या निरनिराळ्या रीतींनी पाहिला आहे की, त्याची खरी समीक्षा या प्रतिसादांच्या आधारेच करता येईल असे आम्हांस वाटते. आंबेडकरी बौद्ध प्रेक्षकांनी घेतलेले आक्षेप तपासणे तर आमच्यासारख्यांस टाळताच येणार नाही. त्यांपैकी एक आक्षेप आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. आणि जो दुसरा आक्षेप घ्यावयास हवा होता, तो फारसा कोणी घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

ज्या घटनेतून हा अनुबोधपट उभा राहिला ती वाचकांस ठाऊकच आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त रहिवासी रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने केलेल्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी, १५ जुलै रोजी, लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास लावून घेतला. त्यांच्या कपाळावर निळी पट्टी बांधलेली होती. घोगरे यांचे गाणे पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘बंबई हमारा शहर’ या अनुबोधपटात होते. त्या जुन्या परिचयापोटी कॅमेरा हाती घेऊन निघालेल्या दिग्दर्शकाचे काम पुढे १४ वर्षे चालले.

जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, सभागृहात नव्हे तर वस्तीतच, या अनुबोधपटाचा जाहीर खेळ झाला आणि पुढे अनेक वस्त्यांतून तो दाखविला गेला. ही गोष्ट आम्ही महत्त्वाची मानतो. ज्यांच्याविषयी चित्र काढले त्यांच्यापुढेच ते प्रथम मांडावे, हा शिष्टाचार आपल्याकडे किती जणांनी पाळला आहे? आम्ही स्वतः तो एकदा एका वस्तीत, विहारालगतच्या पटांगणात पाहिला आणि पुढे एका शहरातील वातानुकूलित सभागृहात पाहिला. चित्र तेच, परंतु जणू दोन वेगळ्या कृती पाहिल्याचा प्रत्यय आम्हांस आला.

गोळीबाराच्या समर्थनार्थ पोलिसांनी असे सांगितले होते की, जमाव ज्वालाग्राही वायूचे टँकर पेटविण्याच्या बेतात होता आणि गोळीबार केला नसता तर मोठा अनर्थ ओढवला असता. पटवर्धनांनी या दाव्याची चिकित्सा फार शांतपणे केली आहे. टँकर कोठे उभे होते, गोळ्या कोठे लागल्या, माणसे कोठे पडली, हे स्थळ आणि काळ यांच्या आधारे ते दाखवितात आणि टँकरांचा बचाव टिकत नाही हे प्रेक्षक स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. न्या. गुंडेवार आयोगाने तुकडीचे अधिकारी मनोहर कदम यांच्यावर ठपका ठेवला होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. सभागृहातील प्रेक्षकांस हा भाग काहीसा रेंगाळल्यासारखा वाटला. दोघेतिघे उठून बाहेर गेले. वस्तीत मात्र याच वेळी सर्वांत अधिक शांतता होती. तेथे तो साक्षीपुरावा होता. मधूनच कोणी एखाद्या गल्लीचे नाव उच्चारी, कोणी पडद्यावरील बाईला ओळखी. आणि एका वयस्क उपासिकेने तर, ‘असं नाही, तो पोरगा दाराशी उभा होता,’ असे म्हणून मोठ्याने दुरुस्ती केली. चित्रपटात दुरुस्ती करण्याचा अधिकार स्वतःकडे आहे असे मानणारा प्रेक्षक आम्हांस इतरत्र दिसला नाही.

अनुबोधपट सुमारे तीन तासांचा आहे आणि तो फार लांबला अशी तक्रार अनेक समीक्षकांनी केली आहे. पटांगणात ही तक्रार कोणाच्या तोंडून आली नाही. ज्यांनी रात्र रात्र जलसे ऐकले, कव्वालीचे सामने पाहिले, त्यांस तीन तासांचे काय? शिवाय या चित्रात गाणी आहेत, आणि ती वाक्यांमध्ये भरलेली सजावट नव्हे. संभाजी भगत, शंतनू कांबळे, कबीर कला मंचाच्या शीतल साठे ही मंडळी गातात तेव्हा कथन थांबत नाही. उलट पुढे सरकते. वस्तीतील स्त्रिया ध्रुवपद उचलून धरीत होत्या. सभागृहात त्याच गाण्यांना टाळ्या पडल्या. टाळी वाजविणारा प्रेक्षक गाण्याच्या बाहेर असतो, एवढाच फरक आम्ही येथे नोंदवितो.

याहून मार्मिक फरक हशाचा होता. शिवाजी पार्कच्या परिसरातील काही सुस्थित मंडळी ६ डिसेंबरच्या गर्दीविषयी बोलतात, अस्वच्छतेची तक्रार करतात, असा एक भाग चित्रात आहे. सभागृह येथे खळखळून हसले. आम्हांस तो हशा संशयास्पद वाटला. पडद्यावरील अज्ञानी माणसाला हसून प्रेक्षक स्वतःला त्याच्यापासून वेगळा काढून घेतो. आपण त्यांतले नाही एवढे समाधान त्यास पुरते. हसणाऱ्यांपैकी कितीजण पुढील ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत पाणी वाटावयास गेले असतील? वस्तीत या प्रसंगी कोणी हसले नाही. वस्ती हसली ती निराळ्या ठिकाणी : आपलेच रिपब्लिकन पुढारी शिवशक्ती आणि भीमशक्तीच्या संयुक्त व्यासपीठावर दिसले तेव्हा. तो हशा कडवट होता, आणि त्यात हसणाऱ्याने स्वतःला वगळलेले नव्हते. आमच्यातील सुशिक्षित मध्यमवर्ग मात्र या प्रसंगावर बोलताना दिग्दर्शकाच्या हेतूची चर्चा करतो आणि दृश्याची चर्चा टाळतो, असे आम्ही पुनःपुन्हा पाहिले आहे.

एक प्रतिसाद असाही होता की ज्यास प्रतिसाद म्हणणे कठीण आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली. दुसऱ्याच दिवशी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात या अनुबोधपटाचा खेळ आणि कबीर कला मंचाचा कार्यक्रम झाला, व त्यानंतर फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली. हल्लेखोर अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेचे असल्याचा आरोप झाला. अनुबोधपटातील एकाही विधानाचे खंडन या मारहाणीने झाले नाही, इतके म्हणून आम्ही पुढे जातो.

आता आमच्या घरातील आक्षेपाकडे वळू. दिग्दर्शक जन्माने आमच्यातला नाही, तो डाव्या विचारांचा आहे, आणि म्हणून आमच्या वेदनेचे चित्रण करण्याचा त्यास अधिकार नाही, असे मत काही आंबेडकरी लेखक-कार्यकर्त्यांनी मांडले. या मतामागील दुखावलेपण आम्ही जाणतो. शतकानुशतके आमच्याविषयी इतरांनीच लिहिले आणि चुकीचे लिहिले. कॅमेरा आमच्या तरुणांच्या हाती फार उशिरा आला. ही विषमता खरी आहे, आणि पुरस्कार कोणास मिळतात व कोणास मिळत नाहीत हा प्रश्नही गैर नाही. तथापि त्यावरून कृतीचे सत्यासत्य ठरविणे हे तथागतांच्या उपासकास शोभणारे नाही. अंगुत्तर निकायातील केसमुत्ति सुत्तात भगवंतांनी कालामांस ज्या कसोट्या नाकारावयास सांगितल्या, त्यांत परंपरा आहे, ऐकीव गोष्ट आहे, ग्रंथप्रामाण्य आहे, आणि बोलणारा श्रमण आपला गुरू आहे हेही एक आहे. बोलणारा आपला आहे एवढ्यावरून जे स्वीकारावयाचे नाही, ते बोलणारा परका आहे एवढ्यावरून नाकारता कसे येईल? मज्झिम निकायाच्या वीमंसक सुत्तात तर भगवंत स्वतःचीच परीक्षा करावयास शिष्यांस सांगतात. तेव्हा पटवर्धनांची परीक्षा अवश्य व्हावी. ती त्यांनी दाखविलेल्या गोष्टींची व्हावी, त्यांच्या जन्माची नव्हे. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याची रीत कोणाची आहे, हे आम्ही सांगावयास नको.

अशी परीक्षा करू लागल्यावर या अनुबोधपटातील उणीव आम्हांस दिसते, आणि ती त्याच्या शीर्षकातच आहे. ‘जय भीम’ आणि ‘कॉम्रेड’ हे दोन शब्द मध्ये विराम न देता शेजारी ठेवले आहेत. विलास घोगरे यांच्या आयुष्यात ते तसे शेजारी होते, यात संशय नाही. ज्या डाव्या सांस्कृतिक चळवळीसाठी ते गायले तिने त्यांस दूर केले होते, आणि अखेरच्या क्षणी त्यांनी कपाळावर निळा रंग बांधला, हे सत्य दिग्दर्शकाने लपविलेले नाही. डाव्या प्रेक्षकांनी त्यातून आत्मपरीक्षणाचा धडा घेतला असेल तर चांगलेच आहे. परंतु हे दोन शब्द जोडले म्हणजे दोन मार्ग जुळतात काय?

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. २० नोव्हेंबर १९५६ रोजी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत, महापरिनिर्वाणाच्या अवघे काही दिवस आधी, त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना केली. शोषण आणि दुःख नष्ट व्हावे, या साध्यात त्यांस दोहोंमध्ये फार अंतर दिसले नाही; अंतर दिसले ते साधनांत. हिंसा आणि हुकूमशाही एका बाजूस, मनुष्याच्या चित्ताचे परिवर्तन दुसऱ्या बाजूस. ज्या अनुबोधपटाच्या शीर्षकात ही जोडी आहे, त्यात साधनांचा हा प्रश्न नेमकेपणाने विचारला जात नाही. धम्म येथे येतो तो बहुधा अस्मितेच्या आणि सांत्वनाच्या रूपाने. शील, समाधी, प्रज्ञा हा दुःखनिरोधाचा मार्ग आहे व तो सामाजिक आहे, या बाबासाहेबांच्या मांडणीला त्यात फार थोडी जागा मिळते. तीन तासांत तेवढी जागा निघू शकली असती.

हा प्रश्न आम्ही केवळ तात्त्विक हौसेने विचारीत नाही. २०११ मध्ये कबीर कला मंचाच्या कलावंतांवर नक्षलवादाशी संबंध असल्याचा आरोप ठेवण्यात आला. काहींना अटक झाली, काही भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर येऊन स्वतः पोलिसांच्या हवाली झाले. शीतल साठे त्या वेळी गरोदर होत्या. आरोप म्हणजे सिद्धता नव्हे, आणि गाणे गाणे हा गुन्हा नव्हे. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मंचाशी संबंधित काहींना जामीन दिला होता. पटवर्धन या तरुणांच्या बाजूने उभे राहिले, ते योग्यच केले. परंतु रमाबाई नगराचा गोळीबार आणि त्यानंतरच्या न्यायाची कूर्मगती पाहिलेल्या एखाद्या तरुणाने, ‘आता कोणता मार्ग?’ असे विचारले तर काय सांगावयाचे, हे चित्र त्याला सांगत नाही. मनोहर कदम यांस मे २००९ मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ १२ वर्षांनी, जन्मठेप झाली आणि पुढे जामीनही मिळाला. वस्तीतील खेळ संपल्यावर दोन मुलांनी आम्हांस हाच प्रश्न विचारला होता. उत्तर देण्याचे काम दिग्दर्शकाचे नसेल. मग ते आमचे आहे, आणि अनुबोधपटावर रुसून बसल्याने ते होणार नाही.

ज्या विहारांस हा अनुबोधपट दाखवावयाचा असेल त्यांनी तो एका दमात न दाखविता दोन सायंकाळी दाखवावा असे आम्ही सुचवितो. दोहोंच्या मध्ये काठमांडूच्या भाषणाचे सामुदायिक वाचन ठेवावे. आणि चर्चेच्या वेळी वक्त्यांस मागे बसवून, ज्यांनी १९९७ चा जुलै स्वतः पाहिला आहे अशा बायाबापड्यांस आधी बोलू द्यावे. त्यांच्या दुरुस्त्या कोणीतरी लिहूनही घ्याव्यात.