अमेरिकेतील ऑनलाइन उच्च शिक्षण आणि राज्य-परवानगीचे नियम : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
अमेरिकेत उच्च शिक्षण हा मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यानुसार संघीय अर्थसाहाय्याच्या पात्रतेसाठी संस्थेला राज्याची परवानगी, अधिस्वीकृती आणि संघीय शिक्षण खात्याची मान्यता आवश्यक असते. ऑनलाइन शिक्षणात संस्था एका राज्यात व विद्यार्थी दुसऱ्या राज्यात असतो. अशा वेळी परवानगी कोणाची आणि दाद कोठे मागावयाची, हा कळीचा प्रश्न ठरतो.

नियमांची वाटचाल :
विद्यार्थ्याचे राज्य परवानगी मागत असेल, तर संस्थेने ती घेतलीच पाहिजे, असा नियम शिक्षण खात्याने २०१० मध्ये केला. प्रक्रियेतील दोषामुळे २०११ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरविला. डिसेंबर २०१६ मध्ये नवा नियम आला. २०१८ मध्ये त्याची अंमलबजावणी लांबणीवर टाकण्यात आली. न्यायालयाने हे लांबविणे २०१९ मध्ये अवैध ठरविले. दरम्यान राज्यांनी 'सारा' हा परस्परमान्यता करार स्वीकारला. त्यानुसार संस्थेला स्वराज्याची परवानगी सर्व सदस्य राज्यांत पुरेशी ठरते. कॅलिफोर्निया वगळता इतर सर्व ४९ राज्ये त्यात सामील झाली.

चिकित्सा :
या करारामुळे लहान संस्थांचा राज्याराज्यांत अर्ज करण्याचा खर्च व श्रम वाचले, हे मान्य करावे लागेल. तथापि विद्यार्थ्याची तक्रार प्रथम संस्थेकडे आणि नंतर संस्थेच्याच राज्याकडे जाते. २०१६ च्या नियमानुसार करार कोणत्याही राज्याला स्वतःचे कायदे लागू करण्यापासून रोखू शकत नव्हता. २०१९ च्या सुधारित नियमाने हे संरक्षण सर्वसाधारण कायद्यांपुरते सीमित केले. परिणामी खास शिक्षणसंस्थांसाठी केलेले कडक कायदे बाहेरील संस्थांबाबत निष्प्रभ ठरले. जुलै २०१९ मध्ये तर तक्रार-निवारणाची मान्य व्यवस्था नसल्याच्या कारणावरून, परराज्यातील सार्वजनिक व ना-नफा संस्थांत ऑनलाइन शिकणाऱ्या कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांचे अर्थसाहाय्यच धोक्यात आले. राज्याने घाईने व्यवस्था उभारल्यावर हा पेच सुटला. विद्यार्थ्याच्या रक्षणासाठी केलेल्या नियमाची झळ प्रथम विद्यार्थ्यालाच बसली, ही यातील विसंगती होय.

निष्कर्ष :
परवानगीचे सुलभीकरण आणि विद्यार्थ्याचे संरक्षण या दोन भिन्न बाबी आहेत. पहिलीसाठी परस्परमान्यता योग्य आहे. दुसरीचा अधिकार मात्र विद्यार्थ्याच्या राज्याकडेच असावयास हवा. संस्था बंद पडल्यास किंवा फसवणूक झाल्यास त्याची हानी त्याच राज्यातील कुटुंबाला सोसावी लागते.